आमच्याकडे गोळ्या करतात, हो!

गेल्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका वहिनींनी माझ्या बायकोला विचारलं, "तुमचे हे घरी गोळ्या करतात म्हणे?" बायको म्हणाली, "हो, बेसमेंटमध्ये. महिन्याला हजारेक होतात." वहिनींना आधी वाटलं होमिओपॅथी, मग वाटलं लिमलेट. खरा प्रकार कळला तेव्हा तिळगुळाची वडी हातात तशीच राहिली. त्या दिवसापासून त्यांची मुलं आमच्याकडे खेळायला आलेली नाहीत. आमची मुलगी मात्र त्यांच्याकडे जात होती. आता तीही जात नाही. का, ते पुढे सांगतो.

घर ओळखू येऊ नये म्हणून दोन-तीन खुणा मुद्दाम बदलल्या आहेत. शोधत बसू नका. असं घर एकच नाही. मला ठाऊक असलेली तीन आहेत, आणि तिन्ही आपल्याच मंडळातली.

आधी स्वतःबद्दल. मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात वडिलांचं दोन लेथचं वर्कशॉप होतं. सुट्टीत तिथे कानस मारून मारून हाताला घट्टे पडायचे, म्हणून मी कॉम्प्युटरकडे पळालो. २००३ साली एम.एस.ला इथे आलो, आणि तेव्हापासून पोटासाठी जे करतो ते हातात धरून कुणाला दाखवता येत नाही. सर्व्हर चालू असला तर कुणी विचारत नाही, बंद पडला तर रात्री दोनला फोन. चाळिशीकडे झुकताना हाताला पुन्हा लोखंड हवंसं वाटायला लागलं. ग्रीन कार्ड आल्यावर एका अमेरिकन सहकाऱ्याने रेंजवर नेलं, आणि मी अडकलो. (जाता जाता, नव्याने आलेल्या मुलांसाठी: स्टुडंट व्हिसावर किंवा एच-वनवर असताना बंदूक बाळगणं हा इथे केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण मित्राची बंदूक चार दिवस घरी ठेवण्याचा मोह धरू नका.)

माझा खेळ बुल्सआय पिस्तुलाचा. पिस्तूल एकाच हातात, दुसरा हात खिशात किंवा पट्ट्यात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानच्या युसूफ दिकेचचा खिशात हात घातलेला फोटो जगभर फिरला, तशीच आमची ऐट. गुण तेवढे तसे पडत नाहीत. पूर्ण सामना २७० गोळ्यांचा आणि २७०० गुणांचा. नव्वद गोळ्या पॉइंट टू-टूच्या, नव्वद सेंटरफायरच्या, नव्वद फोर्टी-फाइव्हच्या. लक्ष्य ५० आणि २५ यार्डांवर. दहा गुणांचं वर्तुळ सव्वातीन इंचांहून जरासं मोठं, म्हणजे पाणीपुरीच्या पुरीहून मोठं आणि जेवणातल्या पुरीहून लहान. आमच्या ओहायोत लेक ईरीच्या काठी कॅम्प पेरी नावाचं ठिकाण आहे. तिथे १९०७ साली पहिल्यांदा राष्ट्रीय सामने भरले. नेमबाजांची ती पंढरी. उन्हाळ्यात, आषाढीच्या आगेमागे, आम्ही तळ्यावरचा वारा आणि पाऊस खात तिथे वारी करतो.

या खेळाला काडतुसं लागतात रगड. पॉइंट टू-टूची पुंगळी पुन्हा भरता येत नाही, पण फोर्टी-फाइव्हची येते, आणि पुनःपुन्हा येते. विकतचं काडतूस महाग तर असतंच, शिवाय आमच्या कामाला नको तितकं जोरकस असतं. म्हणून गोळ्या घरी.

आता 'घरी गोळ्या' म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर काय येतं ते मला माहीत आहे. प्रत्यक्षात ते काम सोनाराच्या पेढीसारखं आहे. झाडलेल्या पितळी पुंगळ्या रेंजवरून वेचून आणायच्या. मक्याच्या कणसाच्या भुशात घोळवून स्वच्छ करायच्या. ते यंत्र घराबाहेर, कारण त्या धुळीत शिसं असतं. मग प्रेसवर चढवायच्या. डायमध्ये दाबून पुंगळी मूळ मापाला आणायची, जळलेलं प्राइमर बाहेर, नवीन आत, तोंड किंचित उमलवायचं, दारू मोजून घालायची, गोळी बसवायची, तोंड आवळायचं. ('दारू' या शब्दावर आमच्या बेसमेंटबद्दल होणारे सगळे विनोद माझे ऐकून झालेले आहेत.)

दारूचं माप ग्रेनमध्ये. पूर्वीचा तोळा बरोबर १८० ग्रेनचा होता, आणि गुंज पावणेदोन ग्रेनहून किंचित जड. म्हणजे माझी १८५ ग्रेनची गोळी हे तोळाभर शिसं, आणि तिला ५० यार्ड पळवणारी दारू दोन-अडीच गुंजा! कुठली दारू आणि नेमकी किती, ते इथे लिहिणार नाही. ते कारखान्याच्या छापील मॅन्युअलमधूनच घ्यायचं असतं, स्मरणिकेतल्या लेखातून नव्हे.

एवढीशी दारू पुंगळीच्या तळाशी चिमूटभर दिसते. चुकून दोनदा पडली तरी ती बाहेर सांडत नाही, मुकाट आत मावते. असं काडतूस झाडलं तर पिस्तूल हातात फुटू शकतं. उलट, दारू पडलीच नाही, तर नुसत्या प्राइमरच्या धक्क्याने गोळी नळीत मध्येच अडकते. आवाज फुसका येतो, आणि घाईत पुढचा चाप ओढणाऱ्याची नळी फाटते. म्हणून पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात ओळीने उभ्या करायच्या आणि गोळी बसवण्याआधी टॉर्च घेऊन प्रत्येकीत डोकावायचं. पन्नासच्या पन्नास. त्या वेळी फोन वर ठेवलेला असतो आणि घरातलं कुणी हाक मारत नाही. मध्येच लक्ष उडालं, तर तो सगळा ठोकळा ओतून पहिल्यापासून सुरुवात. एका वहीत तारीख, दारूचा लॉट, वजन, गोळी, सगळं लिहिलेलं. आणि बायकोचा नियम: खाली चहासुद्धा न्यायचा नाही, आणि वर आल्यावर साबणाने कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय कशालाही शिवायचं नाही. शिशाच्या बाबतीत ती माझ्याहून कडक आहे.

पिस्तुलाचंही तसंच. आमच्यातले बरेच जण १९११ नावाचं पिस्तूल वापरतात. जॉन ब्राउनिंगने ते लष्करासाठी बनवलं, चिखलातही चालावं म्हणून जरा ढिलं. सामन्यासाठी तो ढिलेपणा काढावा लागतो. नळीच्या तोंडाशी असलेलं बुशिंग स्लाइडमध्ये असं बसवायचं की हाताने फिरेल, पण हलणार नाही. कारखान्याची रिकॉइल स्प्रिंग १६ पौंडांची. आमची काडतुसं मवाळ, म्हणून ती उतरवायची, नाहीतर स्लाइड पुरती मागे येत नाही. आणि मग चाप. सिअर नावाचा इवलासा तुकडा घोड्याच्या खाचेत अडकलेला असतो. तो सुटतो कसा, यावर सगळा खेळ. फोर्टी-फाइव्हच्या चापावर किमान साडेतीन पौंड भार हवा, हा नियम. सामन्याच्या वेळी वजन टांगून तपासतात.

२०१७ साली मी ही खाच स्वतः घासायला बसलो. दगडावर मोजून हात मारले, आणि वर एक जास्त मारला, कारण चाप अजून थोडा 'काचेसारखा' हवा होता. पुढच्या रविवारी रेंजवर चाप एकदा ओढला आणि गोळ्या दोन सुटल्या. दुसरी मातीच्या बंधाऱ्याच्या अगदी माथ्यात गेली. बंधारा होता म्हणून. रेंज ऑफिसरने सगळ्यांचं फायरिंग थांबवलं, माझं पिस्तूल टेबलावर ठेवायला लावलं आणि मला गाडीपर्यंत सोडायला आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. रात्री वडिलांना फोन केला. बंदुकीतलं त्यांना काही कळत नाही, पण सगळं ऐकून ते म्हणाले, "धातू काढता येतो, घालता येत नाही, हे तुला सातवीत शिकवलं होतं." ते पिस्तूल मी एका म्हाताऱ्या गनस्मिथकडे नेलं. त्याने माझा सिअर आणि घोडा दोन्ही कचऱ्यात टाकले.

हे सगळं इतक्या तपशिलात सांगतो, कारण मला भांडायचं आहे ते याच मुद्द्यावर. आणि मला एकाशी नाही, तिघांशी भांडायचं आहे.

पहिले, 'हे आपल्या संस्कृतीत बसत नाही' म्हणणारे. चार वर्षांपूर्वी मी मंडळाच्या समितीला सुचवलं होतं की उन्हाळी सहलीत मुलांसाठी एअर पिस्तुलाचं एक टेबल ठेवू. परवानगी, चष्मे, मागे पडदा, माझ्यासह दोन प्रशिक्षित माणसं. उत्तर आलं की हिंसक खेळ आपल्या मुलांना नकोत. ठीक. मग २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं, तेव्हा याच समितीने पेढे वाटले. त्याआधी २०१८ ला जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये कोल्हापूरच्याच राही सरनोबतने २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं. अंजली भागवतचा फोटो तर आपल्या एका जुन्या स्मरणिकेतही आहे. पदक आलं की नेमबाजी हा एकाग्रतेचा खेळ, आणि शेजारच्याने पिस्तूल हातात घेतलं की तो माथेफिरू! खंडेनवमीला आपण लॅपटॉपला हळदकुंकू वाहतो. मी प्रेसला वाहतो. फरक काय?

पण खरं सांगायचं तर या मंडळींवर माझा राग फार नाही. त्यांना भीती वाटते, आणि बंदुकीची भीती वाटणं शहाणपणाचं आहे. मलाही वाटते. टॉर्च घेऊन पुंगळीत डोकावतो तो हौसेने नाही.

माझा खरा राग दुसऱ्यांवर आहे.

गेल्या दिवाळीत फराळाला त्या घरी गेलो होतो. मुलं शेजारच्या खोलीत पत्ते खेळत होती, त्यात आमची मुलगीही. यजमान मित्राने मला हळूच आत बोलावलं, "ये, तुला एक गंमत दाखवतो." बेडरूममधल्या पलंगाशेजारचा ड्रॉवर त्याने उघडला. रुमाल, अमृतांजनची बाटली, आणि रुमालांखाली नऊ एमएमचं पिस्तूल. २०२० साली इथे बंदुकखरेदीची लाट आली होती, त्यात घेतलेलं. ड्रॉवरला कुलूप नाही. मी विचारलं, "भरलेलं आहे?" "नाही रे, मॅगझिन काढून ठेवलंय, हे बघ." मॅगझिन खरंच शेजारी होतं. मी पिस्तूल भिंतीकडे, खाली तोंड करून घेतलं आणि स्लाइड मागे ओढली. नळीतलं काडतूस उडून गालिच्यावर पडलं.

मॅगझिन काढलं तरी नळीत एक राहतं, हे त्याला पाच वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं; किंवा सांगितलं होतं आणि तो विसरला. किती गोळ्या झाडल्यास, विचारलं. "घेतलं त्या आठवड्यात एक खोकं. पन्नास." त्यानंतर एकही नाही. वर म्हणाला, "चाप फार जड होता रे, व्हिडिओ बघून हलकी स्प्रिंग बसवली. तुझ्यासारखंच ट्यूनिंग!"

माझ्यासारखंच. सामन्याच्या पिस्तुलाचा चाप हलका असतो, कारण ते पिस्तूल रेंजवर, रेंज ऑफिसरच्या हुकमानंतर, बंधाऱ्याकडे तोंड करूनच भरलं जातं, आणि घरी कुलपात रिकामं असतं. अंधारात, घाबरून, थरथरत्या बोटाने जे उचलायचं त्याचा चाप जड असणं हीच त्यातली सोय आहे. ती याने पंधरा डॉलरच्या स्प्रिंगने काढून टाकली होती.

आणि मी काय केलं? ते काडतूस खिशात घातलं, पिस्तूल रिकामं करून परत दिलं, बाहेर आलो आणि चकली खाल्ली. हात न धुता. सणाच्या दिवशी, दहा माणसांत, मित्राचा पाणउतारा कसा करायचा म्हणून गप्प बसलो. पंधरा फुटांवर पाच मुलं होती आणि मी भिडेखातर गप्प बसलो. त्या वेळी वहिनी माझ्याकडे बघत होत्या. बहुधा हाच विचार करत असतील की गोळ्या करणाऱ्या माणसाला घरात घ्यावं का. त्यांच्याच बेडरूममध्ये काय आहे हे त्यांना माहीत होतं, पण ते भरलेलं आहे हे माहीत नव्हतं. हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. मित्र हसला. "मुलांना माहीतच नाही कुठे ठेवलंय ते." अरे बाबा, दिवाळीआधी आई लाडवांचा डबा कुठे लपवायची हे आपल्याला माहीत नव्हतं का? फडताळावर, तांदळाच्या पिंपात, देवघराच्या मागे, सगळ्या जागा पाठ होत्या! मग त्याचा दुसरा मुद्दा, की कुलूप लावलं तर वेळेला उपयोग काय. याला उत्तर आहे. चार बटणांची छोटी लोखंडी पेटी मिळते, पलंगाला साखळीने बांधता येते, आणि सराव असेल तर काळोखात दोन-तीन सेकंदांत उघडते. सराव असेल तर. पाच वर्षांत पन्नास गोळ्या झाडणारा सराव करणार नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. म्हणजे चोर आला तरी त्या पिस्तुलाचा उपयोग शून्य, आणि चोर न येणाऱ्या बाकीच्या सगळ्या रात्री धोका पूर्ण.

आणि चोराची गोष्ट करतो आहोत तर हेही बोलू. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. आपल्या मंडळात सोळा-सतरा वर्षांची किती मुलं आहेत, मार्चमध्ये कॉलेजांची पत्रं येतात तेव्हा घराघरात काय वातावरण असतं, आणि त्यातली किती मुलं आपल्याशी मनातलं बोलतात, हे मी सांगायला नको. त्या वयातली वाईट रात्र एकच असते, आणि पुष्कळदा सकाळी ती सरलेली असते. त्या रात्री ड्रॉवर बंद हवा. बस्.

म्हणून माझं म्हणणं रोखठोक आहे. महिन्यातला एक रविवारही ज्याला बंदुकीला देता येत नाही, त्याने ती घेऊ नये. घेतली असेल तर विकून टाकावी. बहुतेक घरांना बंदूक नसणं हेच सोयीचं आहे, हे मी, महिन्याला हजार काडतुसं भरणारा माणूस, म्हणतो आहे. ज्याने कधी पुंगळीत टॉर्च मारलेला नाही, त्याला आत काय भरलेलं आहे याची कल्पना नसते. प्रत्येकाने घरी गोळ्या कराव्यात असं म्हणत नाही. पण निदान ती वस्तू उघडून, साफ करून, रिकामी आहे का ते बोट घालून तपासून बंद करता यावी. फ्रिजचा फिल्टर बदलायलासुद्धा आपण मॅन्युअल वाचतो.

तिसरे माझे रेंजवरचे दोस्त. कुलपाचं नाव काढलं की त्यांना सरकारचा हात दिसतो. हक्कांवर गदा येते म्हणे. मी त्यांना एवढंच विचारतो की साडेतीन पौंडांचं वजन टांगून तुमचा चाप तपासतात, तेव्हा हक्क कुठे जातो? तिथे तर रांगेत उभे राहता! यावर दोघांनी माझ्याशी बोलणं सोडलं आहे. मित्रही बोलत नाही, तेव्हा हिशेब बरोबर झाला. वहिनींनी मात्र स्वतः फोन करून पेटी कुठली घ्यायची ते विचारलं.

आणि त्यांनी हळदीकुंकवाला विचारलं ते योग्यच होतं. माझं म्हणणं इतकंच की तो प्रश्न एकाच घराला का? मुलाला कुणाकडे राहायला पाठवताना शेंगदाण्याची ॲलर्जी सांगतो, स्विमिंग पूलला कुंपण आहे का विचारतो. तसंच विचारायचं: बंदूक आहे का, आणि कुलपात आहे का? मला विचारलं तर मी तुम्हाला खाली नेऊन तिजोरी दाखवीन.

भारतातून नाटकाचे, गाण्याचे कलाकार येतात, त्यांना आपण सभासदांच्या घरी उतरवतो. त्या यजमानांकडून मंडळ एक फॉर्म भरून घेतं. शाकाहारी की मांसाहारी, घरात कुत्रा-मांजर आहे का, जिने चढता येतील का. या फॉर्ममध्ये आणखी एक ओळ घाला, असं पत्र मी गेल्या महिन्यात समितीला दिलं. मुलांच्या शिबिराच्या फॉर्ममध्येही तीच ओळ. उत्तर आलं की सूचना चांगली आहे, पण लोकांना राग येईल.

येऊ दे ना. सर्वसाधारण सभेत मी हाच ठराव मांडणार आहे, अनुमोदक मिळाला आहे.

तोपर्यंत एक करा. प्रोजेक्ट चाइल्डसेफमार्फत अनेक पोलीस ठाण्यांत केबलचं कुलूप फुकट मिळतं. पिस्तुलाची स्लाइड मागे ओढून आतून ओवायचं, की ते झाडताच येत नाही. मागायला लाज वाटत असेल तर मी बारा आणून ठेवली आहेत. दिवाळीच्या कार्यक्रमाला माझी गाडी शाळेच्या मागच्या पार्किंगमध्ये असेल. मध्यंतरात या. डिकीत, चिवड्याच्या पिशवीशेजारी आहेत. कुणासाठी हवं, ते मी विचारणार नाही; कसं लावायचं ते मात्र दाखवल्याशिवाय सोडणार नाही.